जुन्या घरातल्या डक्ट एसीच्या कामाबद्दल आपण लिहिलेल्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार काका,

आपला रिव्ह्यू वाचला. एक स्टार. ऐन उन्हाळ्यात घरभर धूळ, ठोकाठोकी आणि वर उकाडा सोसावा लागला, त्याबद्दल मनापासून दिलगिरी. काकूंना जास्त त्रास झाला, तेही ठाऊक आहे.

आपल्या मुख्य तक्रारी तीन. काम लांबलं, आमची कामाची पोरं दुपारी झोपतात, आणि "फक्त मशीन बदलायचं होतं, चांगला पाइप काढून नवा घातला आणि बिल ३८ हजारांनी फुगवलं." पहिल्या दोन्हींचं थोडक्यात सांगतो. तिसरीवर मात्र गप्प बसवत नाही. ती ओळ वाचून उद्या येणारं गिऱ्हाईक दारातूनच परत जाईल.

लांबल्याचं म्हणाल तर जानेवारीत गड्ड्याची यात्रा चालू होती तेव्हाच आपला पहिला फोन आला होता. थंडीतच उरकून घेऊ म्हटलं, तर नातीच्या परीक्षा होऊ द्या म्हणालात. परीक्षा संपल्या तोवर अर्ध्या सोलापूरचे फोन सुरू झाले होते. आणि पोरं झोपत नव्हती, सावलीत पडली होती. बाहेर ४३ अंश असताना गच्चीच्या पत्र्यावर हातात पाइप जोडायचा पेटता टॉर्च धरून बसायचं म्हणजे काय, ते एकदा वर येऊन बघायला हवं होतं. त्या वेळी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. सकाळी सातला येत होती आणि दिवेलागणीनंतर जात होती, हे रिव्ह्यूत आलं नाही. असो.

आता पाइप, म्हणजे आतल्या आणि बाहेरच्या युनिटमध्ये गॅस नेणारी तांब्याची नळी. आपलं जुनं मशीन आर-२२ गॅसवरचं. १ जानेवारी २०२५ पासून त्या गॅसवरची नवी मशीनं देशात बनवायलाच बंदी आहे, म्हणजे तसलंच परत बसवा म्हटलं तरी आम्ही आणायचं कुठून? नवं साडेपाच टनी मशीन आर-४१० ए वरचं आहे. या गॅसचं प्रेशर आर-२२ च्या दीडपटीहून जास्त. आपल्याकडच्या उन्हात बाहेरचं युनिट चालू असताना साडेचारशे पीएसआयच्या पुढं काटा जातो. जुना पाइप इतकी वर्षं चालला, हे आपलं म्हणणं खरंच आहे. पण त्याच्यावर एवढा भार कधी आलाच नव्हता.

तरीही आम्ही आल्या आल्या पाइप उपटला नाही. आधी गळती बघायला त्यात नायट्रोजन भरून संध्याकाळी ४०० पीएसआय प्रेशरवर ठेवला. सकाळी काटा २६० वर. रात्रीच्या गारव्यानं पंधरा-वीस उतरतं, ते आम्हालाही कळतं. १४० उतरत नाही. आपण त्या दिवशी दर्शनाला अक्कलकोटला गेला होता, पण चिरंजीव होते. गेजचा फोटो त्यांनीच काढलाय, त्यांच्या मोबाइलमध्ये असेल. जोड कुठं गळतोय हे शोधायचं तर दोन फुटी दगडी भिंत फोडायची, आणि वरच्या माळवदाची तुळई त्याच भिंतीवर टेकलेली. मी तरी तिथं छिन्नी लावणार नाही. म्हणून नवा पाइप बाहेरून काढला. दिसायला बरा दिसत नाही, मान्य. पण पुढं कधी काही झालं तर हात पोचतो.

जावईबापू पुण्याहून फोनवर म्हणाले, फ्लशिंग करून घ्या, म्हणजे जुना पाइप आतून धुऊन घ्या, भागतं. भागतं, पाइप गळत नसेल आणि मापाचा असेल तर. आपला जुना सक्शन, म्हणजे कॉम्प्रेसरकडं गॅस परत नेणारा पाइप, नऊ सुतांचा (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), नव्या मशीनला कंपनीनं सात सूत सांगितलेलं. मोठ्या पाइपात गॅसचा वेग पडतो, तेल कॉम्प्रेसरकडं परत येत नाही, आणि दोन उन्हाळ्यांत कॉम्प्रेसर बसतो. शिवाय जुनं तेल वेगळ्या जातीचं, ते नव्यात मिसळून चालत नाही. तसं केलं असतं तर आज पाइपचे पैसे वाचले असते आणि पुढच्या वर्षी याच जागी दुसरा रिव्ह्यू आला असता.

त्या ३८ हजारांत डक्टिंगचा, म्हणजे गार हवा खोल्यांत नेणाऱ्या नळाचा, मागचा तुकडाही आहे, तो आपण धरला नाही. मशीनपाशी हवा १४ अंशांची आणि मागच्या खोलीच्या जाळीपाशी १९ ची, हे मोजून दाखवलं होतं. इन्सुलेशन उंदरांनी नेलेलं. परतीची, म्हणजे खोल्यांतून मशीनकडं परत जाणारी हवा फॉल्स सीलिंगच्या पोकळीतूनच ओढली जायची, म्हणजे माळवदाची माती थेट फिल्टरमध्ये. काकू रोज फर्निचर पुसून दमायच्या, त्याचं मूळ तिथं होतं. आता परतीला स्वतंत्र डक्ट आहे.

एसी स्वस्त झाले असं पेपरात आलं, तेही आपण लिहिलंय. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी २८ चा १८ टक्के झाला तो मशीनवर, आणि बिलात तो तसाच लावलाय. तांब्याच्या पाइपवर आधीपासून १८ च होता. कोटेशनच्या खाली "कॉपर पाइप व डक्ट दुरुस्ती प्रत्यक्ष मोजमापानुसार" असं लिहिलंय आणि त्याखाली आपली सही आहे. आणि तो "चांगला" जुना पाइप, जुन्या कॉइलसकट, आपण ठेवून घेतलात आणि भंगारात दिलात. आमचं काही म्हणणं नाही, माल आपलाच होता. तांब्याला भाव बरा आला असेल.

आपल्या तक्रारीवरून कोटेशनमधली ती ओळ आता मोठ्या अक्षरात घेतोय. सामान झाकायचंही काहीतरी बघतोय, दर वेळी घरच्या चादरी मागायला बरं वाटत नाही.

पहिली सर्व्हिस फुकट आहे, पावसाळ्याआधी माणूस पाठवतो, येण्याआधी फोन करेल. रिव्ह्यू काढा असं म्हणत नाही, तेवढी पाइपची ओळ चिरंजीवांशी बोलून एकदा बघा. राहिलेल्या नऊ हजारांचं आपण फोनवर बोलू, तो विषय इथं नको.

आपला,
दुकानाचा मालक