अकरा पायऱ्यांचा सत्कार

काल संध्याकाळी माझ्या आईला चार पोरांनी चाकांच्या खुर्चीसकट उचलून एका सत्कार समारंभात नेलं. अकरा पायऱ्या. मी मोजल्या, कारण तिची पर्स, काठी आणि पाण्याची बाटली घेऊन मी खाली उभी होते आणि दुसरं काही काम नव्हतं. सातव्या पायरीवर एका पोराचा हात निसटला, खुर्ची डावीकडे कलली आणि आई म्हणाली, "अरे सावकाश. चौघांनी उचलायची वेळ अजून आली नाही माझी." सगळे हसले, मीही हसले. आता रात्रीचे साडेबारा वाजलेत, आई पलीकडच्या खोलीत घोरतेय आणि मला काही केल्या झोप येत नाहीये.

सत्कार कोणाचा होता, तर एका ज्येष्ठ आर्किटेक्टचा. कशासाठी, तर 'समाजाभिमुख वास्तुरचनेसाठी'. शाल, श्रीफळ, मानपत्र, फूटभर उंचीचं काचेचं स्मृतिचिन्ह. ते आमच्या दूरच्या नात्यातले, आईने त्यांना चड्डीत पाहिलेलं, म्हणून तिचा हट्ट की जायचंच. हॉल त्यांनी बांधलेला नाही हे आधीच सांगून टाकते. नाव, संस्था काही लिहिणार नाही, विचारू नका. माणूस चांगला आहे. आईच्या पाया पडला, "काकू, तुम्ही आलात!" म्हणाला. कशी आली ते मात्र त्याने विचारलं नाही. सभागृहात शहरातले निदान चाळीस आर्किटेक्ट बसलेले असतील. चाळीसच्या चाळीस त्याच पायऱ्या चढून आले. एकालाही काही दिसलं नसेल?

आईला खुर्ची आल्यापासून एक हिशोब मला पाठ झालाय. एक फूट चढायचं तर बारा फूट लांबीचा उतार लागतो. अकरा पायऱ्या सहा सहा इंचांच्या धरल्या तर साडेपाच फूट उंची, म्हणजे सहासष्ट फुटांचा रॅम्प. पुढे गाड्या लावायला जागा होती, फुलांच्या कमानीला होती, प्रायोजकांच्या फलकाला तर दोन्ही बाजूंना होती. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ चा आहे. असो. कायद्याचं बोलायला लागले तर सकाळ होईल.

समारंभात कंटाळा आला की माझं मन एकाच ठिकाणी जातं. कालही गेलं.

मी बारा-तेरा वर्षांची असेन. आमच्याकडे इंदूरला रामबागेत पोळ्यांना येणाऱ्या मावशींना अरण्य नावाच्या नव्या वसाहतीत प्लॉट लागला होता. मावशींचे यजमान मिलमध्ये होते, हप्त्यावर घेतलेला प्लॉट. त्यांनी आम्हाला 'घर बघायला' बोलावलं. आई नारळ आणि पेढे घेऊन निघाली, मी मागे. टेम्पोने विजयनगरच्या पुढे गेलो. तेव्हा तिकडे सगळं रान, धूळ, वारा. मावशी रस्त्यावर उभ्या होत्या, नवी साडी नेसून. मी बघतेय तर समोर गुडघाभर उंचीचं जोतं, त्याच्या एका कोपऱ्यात एक संडास, एक मोरी, आणि बाकी आभाळ.

मी विचारलं, "मावशी, घर कुठाय?"

"हे काय, संडास आहे ना! नळ आहे. बाकीचं होईल की."

आणि त्यांनी कडी काढून दार उघडून दाखवलं. कसं सांगू! लोक बंगल्याची वास्तुशांत झाली की दिवाणखाना दाखवतात ना, अगदी तस्सं. आईने नारळ जोत्यावर फोडला. घरी येताना मी खूप हसले, तेव्हा आईने मला टेम्पोत सगळ्यांसमोर एक धपाटा घातला. "पंचवीस वर्षं लोटा घेऊन जात होती ती अंधारात," म्हणाली. एवढंच.

त्या संडासामागे कोण होतं ते मला फार नंतर कळलं. आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशी. जन्म पुण्याचा, १९२७ चा, शिक्षण मुंबईत जे. जे. ला, मग पॅरिसला ल कोर्बुझिए या जगप्रसिद्ध आर्किटेक्टच्या हाताखाली आणि पुढे सगळा जन्म अहमदाबादला. आपल्या इंदूर विकास प्राधिकरणाने १९८३ च्या सुमारास त्यांना काम दिलं. साधारण पंच्याऐंशी हेक्टर जमीन, साडेसहा हजारांच्या आसपास प्लॉट. गरिबांना पूर्ण घर बांधून द्यायला पैसे पुरणार नाहीत, मग जे त्यांना स्वतःच्या हाताने जमणार नाही तेवढंच द्यायचं: जोतं, गटार, नळ, वीज, संडास. भिंती काय, माणूस आज चार विटा, उद्या चार विटा करून उभ्या करतोच. मोठ्या रस्त्यालगतचे प्लॉट पैसेवाल्यांना विकायचे आणि त्यातून गरिबांचा भार हलका करायचा. नमुन्याची म्हणून फक्त ऐंशी घरं बांधून दाखवली. रस्ता आणि घराची भिंत यांच्यामध्ये अर्ध्या मीटरची पट्टी सोडली, का, तर ओटा करता यावा, बाहेरून जिना काढता यावा. ओटा! नकाशात ओट्याची जागा धरणारा माणूस मला तरी आपला वाटतो.

या कामाला १९९५ साली वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार मिळाला. २०१८ ला त्यांना प्रित्झकर, म्हणजे वास्तुकलेतलं सगळ्यात मोठं बक्षीस मिळालं, नव्वदाव्या वर्षी, भारतातले पहिलेच. मग २०२२ ला ब्रिटनचं रॉयल गोल्ड मेडल. २०२३ च्या जानेवारीत गेले आणि त्याच आठवड्यात पद्मविभूषण जाहीर झालं. १९५४ मध्ये त्यांनी स्वतःशी शपथ घेतली होती की सगळ्यात खालच्या माणसाला नीट घर देईन. शपथा पुष्कळ जण घेतात हो. पण मावशींच्या संडासाला कडी होती, ती मी डोळ्यांनी पाहिलीय.

आता माझा भाचा. आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे, मी व्हॉट्सॲपवर काल रात्रीच त्याच्याशी भांडले. तो म्हणाला, "आत्या, तुझं अरण्य आता बघ जाऊन. अर्धे मूळ लोक प्लॉट विकून गेले, सगळीकडे तीन मजले नि टाइल्स लावलेल्या भिंती." बरोबर आहे, गेले. विकून गेले. पोरीच्या लग्नाला विकला असेल, आजारपणाला विकला असेल. विकायला काहीतरी होतं हे काय कमी झालं? पण असो, हा मुद्दा त्याचा मान्य.

मग मी चिडून वाचत बसले. आगाखानवाल्यांची एक पद्धत मला भलतीच आवडली. ते नुसते फोटो बघून बक्षीस देत नाहीत. इमारत वापरात येऊन निदान वर्ष झालेलं हवं, आणि मग त्यांचा माणूस प्रत्यक्ष जागेवर जाऊन राहणाऱ्यांशी बोलतो. बक्षिसाचे पैसेही एकट्या आर्किटेक्टच्या खिशात जात नाहीत, काम करवून घेणारे, इंजिनियर, कारागीर, ज्याचा ज्याचा हात लागला त्यांच्यात वाटतात. १९८३ ला माली देशातल्या नियोनोच्या मशिदीसाठी त्यांनी लासिने मिंताला पुरस्कार दिला. हा कोण? गवंडी. पदवी नाही, ऑफिस नाही. मातीच्या भिंती बांधणारा गवंडी! आपल्याकडे कुठल्या मानपत्रात मिस्त्रीचं नाव ऐकलंय का कोणी? काल तर ज्या पोरांनी आईला उचललं त्यांना साधा चहासुद्धा कोणी विचारला नाही. मीच विचारला शेवटी, बाहेरच्या टपरीवर.

आणि १९९८ ची यादी तर बघाच. आपल्या चोपडा तालुक्यातलं कुष्ठरुग्णांचं रुग्णालय, दोन तरुण नॉर्वेजियन आर्किटेक्टांनी केलेलं. भोपाळचं विधान भवन, चार्ल्स कोरियांचं. आणि इंदूर! हो, पुन्हा इंदूर. यावेळी नदीकाठच्या झोपडपट्ट्यांमध्ये गटारं, पाणी, रस्ते नेण्याचं काम. ते करणारे हिमांशू पारीख आर्किटेक्टसुद्धा नाहीत, इंजिनियर आहेत. जमिनीखालच्या पाइपलाइनला वास्तुकलेचं बक्षीस! मला हे वाचून इतका आनंद झाला की उठून आईला सांगणार होते. (पुढे देखभाल झाली नाही, कित्येक गटारं तुंबली आणि कान्ह नदीच्या काठाने आजही नाकाला पदर लावूनच जावं लागतं. हेही खरं. लिहायचं नव्हतं, पण लिहिते.)

जगभरातलं कौतुक सांगून मी इंदूरच्या लोकांना हिणवतेय असं वाटेल. उलट आहे. आपल्याला तर याची सवय शंभर वर्षांपूर्वीची. होळकर दरबाराने पॅट्रिक गेडीस नावाच्या स्कॉटिश माणसाला बोलावलं होतं. प्लेगचे दिवस. त्याने काय केलं, दिवाळीची मिरवणूक जिथली घरं जास्त झाडून-पुसून ठेवलीत त्या गल्ल्यांतून न्यायचं ठरवलं. मग काय, सगळं शहर झाडू घेऊन बाहेर! शेवटी घाणीच्या राक्षसाचं दहन. त्याचा शहराबद्दलचा अहवाल १९१८ चा आहे. आज आपण २०१७ पासूनचे स्वच्छतेतले पहिले नंबर मिरवतो, पण झाडू मारणाऱ्याला मिरवणुकीत मानाने आणायचं डोकं त्या माणसाचं. त्याच गावात चाळीस आर्किटेक्टांना अकरा पायऱ्या दिसत नाहीत.

अमेरिकेत १९६८ साली व्हिटनी यंग नावाच्या एका काळ्या नेत्याला तिथल्या आर्किटेक्टांनी अधिवेशनात भाषणाला बोलावलं. तो व्यासपीठावरून त्यांना तोंडावर म्हणाला की तुम्ही ओळखले जाता ते तुमच्या कानठळ्या बसवणाऱ्या मौनासाठी. आणि गंमत म्हणजे त्यांनी पुढे त्याच्याच नावाने पुरस्कार सुरू केला, समाजासाठी काम करणाऱ्यांकरता. ज्याने झोडपलं त्याच्या नावाने! आपल्याकडे असं कोणी बोललं असतं तर पुढच्या वर्षी निमंत्रणपत्रिका आली नसती. मला तर येणारच नाही, ही पोस्ट वाचल्यावर.

भाच्याचा शेवटचा मेसेज होता, "आत्या, अवॉर्डमुळे छोट्या ऑफिसला कामं मिळतात, चांगलं काम करणाऱ्याला जोर येतो, तू सगळंच ढोंग म्हणतेस." नाही रे बाबा, सगळं नाही. त्या सत्कारमूर्तींनी दोन सरकारी शाळांचे नकाशे फुकट करून दिलेत, ते मानपत्रात वाचलं गेलं आणि टाळ्या मीही वाजवल्या. मनापासून. त्या शाळांच्या फोटोंमध्ये मुली खिडकीच्या कट्ट्यावर बसून डबा खाताना दिसत होत्या. एवढा खोल कट्टा मुद्दाम ठेवलेला असतो, आपोआप होत नाही. ज्याला तो सुचला त्याला आईची खुर्ची का दिसू नये, एवढंच माझं दुखणं आहे. कदाचित दिसली असेल आणि संकोच वाटला असेल. आपला दिवस, आपला सत्कार, त्यात यजमानांना काय बोलायचं. मीही कुठे बोलले? आयोजकांनी "काही त्रास नाही ना झाला?" विचारलं तेव्हा "छे छे, मुलं गोड आहेत" म्हणून मोकळी झाले. आणि आता इथे तुमच्यापुढे शूर.

आता एक कबूल करायचंय, नाहीतर मावशीच मला सोडणार नाहीत. त्यांचा अरण्यमधला जिना उभा आहे. चांगलाच उभा. बाहेरून काढलेला, छापील फोटोत फार देखणा दिसतो तोच. यजमानांनी आणि मुलाने दहा-बारा वर्षांत खाली दोन, वर एक अशा खोल्या चढवल्या. मावशींची खोली वरची. आता त्यांचे गुडघे गेलेत, स्वतःच्या खोलीत जाऊन त्यांना तीन वर्षं झाली. मी मागे एकदा म्हटलं, "मावशी, ज्याने तुमची वसाहत आखली ना, त्याला जगातलं सगळ्यात मोठं बक्षीस मिळालंय." त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "मिळू दे, देवमाणूस. जिना जरा आडवा करायला पाहिजे होता पण." वर्ष झालं की जागेवर माणूस पाठवतात तसा तीस वर्षांनी एकदा परत पाठवला पाहिजे, मावशींशी बोलायला.

पण त्या दिवसभर असतात कुठे? ओट्यावर. भाजी तिथे, भांडण तिथे, नातवाचा अभ्यास तिथे, गल्लीतल्या सगळ्या बातम्या तिथे. अर्ध्या मीटरची ती पट्टी.

आज सकाळीच त्यांचा फोन आला होता. (हो, मी ही पोस्ट काल रात्री सुरू केली आणि आता दुपारी संपवतेय, पहिल्या भागात जास्त चिडलेले असेन तर चालवून घ्या.) मी कालचं सगळं सांगितलं. आईचं ते चौघांनी उचलायचं वाक्य ऐकून खूप हसल्या. मग विचारलं, "बेबी, किती पायऱ्या होत्या?"

"अकरा."

"आमच्या ओट्याला दोनच आहेत. आण वहिनींना रविवारी. त्यांनीच नारळ फोडला होता इथं."

तर रविवारी जातोय. दोन पायऱ्या म्हणजे एक फूट, नियमाने बारा फूट उतार हवा, पण त्या गल्लीत एवढी जागा नाही. सात फुटी फळी चालेल, मागून ढकलायला मी आहे. कोणाकडे जाड प्लाय किंवा सेंट्रिंगची फळी पडून असेल तर शनिवारपर्यंत सांगा, मी येऊन घेऊन जाईन. सोमवारी परत आणून देईन.