सवलत दिलीत, पण घरातलं कुणी आजारी पडलं तर?

२०२५च्या दिवाळीत रेल्वेने जाण्यायेण्याचं तिकीट एकत्र काढणाऱ्यांना २० टक्के सवलत दिली होती. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ती बातमी दिवसभर फिरत होती. अशी योजना पुन्हा आली तर बुकिंगला बसण्याआधी अटी नीट वाचा, म्हणून हे लिहितेय. पोस्ट लांब आहे, पण सहकुटुंब गावी जाणाऱ्यांनी पूर्ण वाचा.

सवलत होती ती फक्त परतीच्या मूळ भाड्यावर. दोन्ही वेळचे प्रवासी तेच हवेत, डब्याचा वर्ग तोच, स्टेशनंही तीच. दोन्ही तिकिटं कन्फर्म हवीत. एकदा काढलेल्या तिकिटात काहीही बदल करता येणार नाही आणि रद्द केलं तर भाडं परत मिळणार नाही.

आता हिशोब करा. समजा एका बाजूचं मूळ भाडं माणशी ४०० रुपये आहे. परतीवर २० टक्के म्हणजे ८० रुपये सुटले. घरातली चार माणसं धरली तर ३२० रुपये वाचले. आता त्यातल्या एकालाच ऐन वेळी थांबावं लागलं, तर त्याचं जाण्याचं आणि येण्याचं मिळून सातशेच्या वर पाण्यात. चौघांची बचत गेलीच, वर आणखी चारशेचा फटका! साधं तिकीट असतं तर वेळेत रद्द करून काही रक्कम कापून का होईना, बाकीचे पैसे परत आले असते.

तारखाही बघा. जाणं १३ ते २६ ऑक्टोबरच्या दरम्यान आणि परत येणं १७ नोव्हेंबर ते १ डिसेंबर. भाऊबीज २३ ऑक्टोबरला झाली. भाऊबीज आटोपून कणकवलीहून परळला किंवा डोंबिवलीला परतणारं कुठलं कुटुंब १७ नोव्हेंबरपर्यंत गावी थांबणार आहे? मुलांच्या शाळा आहेत, रजा आहेत. छठपूजेसाठी लांबचा प्रवास करून जाणाऱ्यांना ती मुदत कदाचित सोयीची असेल, त्यांना फायदा झाला असेल तर आनंदच आहे. गर्दी विभागली जावी हा रेल्वेचा हेतूही मला पटतो. पण शाळकरी मुलांचे आईवडील त्यात बसतच नव्हते.

मला खरी टोचते ती 'बदल नाही' ही अट. १ नोव्हेंबर २०२४पासून आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होतं. ते ठीक आहे, पण दोन महिने तरी कुठे कमी आहेत? मुंबईत बेस्टमध्ये, पोलिसांत, हॉस्पिटलांत नोकरी करणाऱ्यांच्या घरी विचारा, सणाची रजा हातात पडेपर्यंत खरी नसते. कुणाला डेंग्यू होतो, कुणाच्या परीक्षेची तारीख पुढे जाते, आजीचे गुडघे ऐन वेळी साथ देत नाहीत. घर म्हटलं की हे आलंच. एकटा माणूस कसंही निभावून नेतो, पाच जणांच्या घरात काही ना काही बदलतंच. आणि कडक अट नेमकी याच घरांवर पडते.

ज्येष्ठांची सवलत आठवते ना? ५८ पूर्ण झालेल्या बायकांना ५० टक्के, ६० पूर्ण झालेल्या पुरुषांना ४० टक्के. २० मार्च २०२०ला ती बंद झाली, ती झालीच. तिकीट काढताना वय सांगायचं, बस. ठरावीक तारखेलाच परत या, सोबत तीच माणसं आणा, असली काही अट नव्हती. प्रवासाचा सरासरी ५७ टक्केच खर्च भाड्यातून वसूल होतो असं रेल्वे तिकिटावरच छापते. पैशांची ओढाताण असेल, मान्य. मग टक्के कमी करा, पण माणसाला अडकवू नका.

साध्या तिकिटांसाठी एक चांगला नियम आहे, तो फार जणांना माहीत नाही. कन्फर्म तिकीट घरातल्या दुसऱ्या माणसाच्या नावावर करता येतं. गाडी सुटण्याच्या २४ तास आधी अर्ज द्यायचा, आणि ही सोय एकदाच मिळते. आईऐवजी भावाला गावी पाठवायचं होतं तेव्हा मी हे केलंय. ई-तिकिटाची प्रिंट, दोघांची ओळखपत्रं आणि रेशनकार्ड घेऊन आरक्षण केंद्रावर गेले. खिडकीतल्या बाईंनी रेशनकार्डावरच्या नावांवरून पेन फिरवत आईचं नाव शोधलं, मग भावाचं, दोन्हींवर बारीक खूण केली आणि काम झालं.

माझ्या मागे एक आजोबा होते. त्यांना स्वतःच्या जागी सुनेला पाठवायचं होतं. नाही झालं. कारण नियमात कुटुंब म्हणजे आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, नवरा, बायको. सून नाही, जावई नाही, सासू-सासरे नाहीत, आजी-आजोबा आणि नातवंडंही नाहीत. ज्या रेशनकार्डावर सुनेचं नाव आहे तेच कार्ड पुरावा म्हणून चालतं, पण सून चालत नाही! आजोबा काही न बोलता कागद पिशवीत भरत होते. मला फार वाईट वाटलं.

आणखी एक. एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग नंबरवर, काही जण कन्फर्म आणि काही वेटिंगवर राहिले, तर अर्ध्यांनी जायचं आणि अर्ध्यांनी घरी बसायचं असं नाही. गाडी सुटण्याच्या ३० मिनिटं आधीपर्यंत सगळ्यांचंच रद्द केलं, तर कन्फर्म असलेल्यांचेही पैसे फक्त क्लार्केज, म्हणजे कारकुनी कामाचं किरकोळ शुल्क, कापून परत मिळतात. हा नियम नोव्हेंबर २०१५पासून आहे. म्हणून घरच्यांचं बुकिंग शक्यतो एकाच पीएनआरवर करा, वेगवेगळं काढलंत तर हा फायदा जातो.

माझं रेल्वेला एवढंच मागणं आहे. पुढची सवलत देताना घरातल्या घरात नाव बदलायची मुभा ठेवा, हवं तर त्याचे शंभर रुपये घ्या. कुटुंबाच्या यादीत सून, जावई, आजी-आजोबा, नातवंडं घाला. आणि जे तिकीट मोबाइलवर निघतं त्यावरचं नावही मोबाइलवरच बदलू द्या, त्यासाठी मुंबईत कुणाला अर्ध्या दिवसाची रजा टाकायला लावू नका. प्रवासी संघटनांत काम करणारे इथे बरेच जण आहेत, त्यांनी आपापल्या खासदारांपर्यंत हे पोचवावं. आणि ज्यांनी नाव बदलून घेतलंय त्यांनी कुठले कागद मागितले ते खाली लिहा, गणपतीचं बुकिंग उघडण्याआधी बाकीच्यांना उपयोग होईल.