हायपरकार विकली जाते ती खर्चापायी नाही

कुण्या अब्जाधीशानं आपली बुगाटी नाहीतर मॅक्लारेन, म्हणजे कोटी-कोटींची, अफाट वेगाची हायपरकार, विकायला काढल्याची बातमी आली की आपल्या नागपूरच्या ग्रुपांवर लगेच सुरू होतं, "मेंटेनन्स नाही झेपला भाऊ!" परवाही तेच झालं. मी तिथं दोन ओळींचं उत्तर टाकलं, पण हा विषय दोन ओळींत मावत नाही आणि माझ्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून इथं सविस्तर लिहितो.

हिंगणा रोडला माझं गॅरेज आहे. हायपरकार माझ्या लिफ्टवर कधी चढलेली नाही आणि नागपूरच्या रस्त्यावर मी तरी एकही पाहिलेली नाही. पण कोटीच्या पुढच्या, दोन दारांच्या स्पोर्ट्‌स कार माझ्याकडे येतात. हौसेनं घेणारे आणि थोड्याच वर्षांत विकणारे मालक मी जवळून पाहिले आहेत. त्यांचं विकण्याचं कारण आणि तिकडच्या तीस-तीस कोटींच्या गाड्यांच्या मालकांचं कारण मुळात एकच आहे, असं माझं ठाम मत आहे. खर्च हे त्यातलं सगळ्यात शेवटचं कारण. मालक गाडी चालवायचा थांबतो तेव्हाच ती विकली गेलेली असते, गिऱ्हाईक मागून मिळतं एवढंच.

खर्च मोठा असतो हे मला मान्य आहे. बुगाटी व्हेरॉन २००५ मध्ये आली. ८ लिटरचं, १६ सिलिंडरचं, चार टर्बोचं इंजिन, १००१ अश्वशक्ती, ताशी ४०७ किलोमीटर वेग. एवढी उष्णता बाहेर काढायला १० रेडिएटर. तिचं ऑइल बदलायचं तर मागचे पॅनल काढून १६ ड्रेन प्लग खोलावे लागतात आणि त्या एका कामाचं बिल २० हजार डॉलरच्या घरात जातं. टायर खास तिच्यासाठी बनवलेले. पूर्ण वेगानं पळवली तर ते जेमतेम १५ मिनिटं टिकतील, आणि १०० लिटरची टाकी त्याच्याही आधी, १२ मिनिटांच्या आसपास, कोरडी होईल. २०१० मध्ये हीच गाडी दिल्लीत १६ कोटींना विक्रीसाठी मांडली होती. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे लागतं आणि व्हेरॉन फक्त डाव्या स्टिअरिंगची बनली, हा पेच वेगळाच.

आता विचार करा. ज्यानं ही गाडी घेतली त्याला हे आकडे घेण्याआधीच ठाऊक होते. सर्व्हिसचं बिल बघून त्याला घाम फुटत नाही. आपल्याला फुटतो, म्हणून आपण आपलं कारण त्याच्या तोंडी घालतो.

खरं कारण मला सगळ्यात स्वच्छ दिसतं ते रोवन अ‍ॅटकिन्सनच्या मॅक्लारेन एफ१ मध्ये. हा ब्रिटिश नट स्वतः इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे. १९९२ ते १९९८ या काळात एफ१ सगळ्या मिळून १०६ बनल्या. ड्रायव्हरची सीट मधोमध, इंजिनाच्या खोलीला आतून सोन्याचा वर्ख, कारण उष्णता परतवायला सोन्याइतकं चांगलं फार थोडं काही आहे. नवी गाडी ५ लाख ४० हजार पौंडांची होती. अ‍ॅटकिन्सननं ती १९९७ मध्ये घेतली आणि चालवली. चालवली म्हणजे ६५ हजार किलोमीटरच्या वर. दोनदा ठोकली. २०११ च्या अपघातानंतर दुरुस्तीचं बिल ९ लाख १० हजार पौंड झालं, नव्या गाडीच्या किमतीपेक्षा जास्त, आणि ते विमा कंपनीनं भरलं. इतकं होऊनही त्यानं गाडी सोडली नाही, दुरुस्त करून पुन्हा चालवायला घेतली. मग २०१५ मध्ये विकली, ८० लाख पौंडांना. विकताना तो जे म्हणाला त्याचा आशय असा की मी ही गाडी तिच्यामागच्या विचारासाठी घेतली होती, आता ती एक मौल्यवान वस्तू होऊन बसली आहे, तेव्हा दुसऱ्या कुणाला तिचा आनंद घेऊ द्यावा.

९ लाख पौंडांच्या दुरुस्तीनं जो माणूस डगमगला नाही, तो गाडीची किंमत वाढल्यावर मागे सरला. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. खर्चाला माणूस तोंड देतो. पण रोज सकाळी किल्ली हातात घेताना ८० लाख पौंड रस्त्यावर न्यायचे आहेत हे आठवू लागलं की हात आखडतो. याच गाडीची दुसरी बाजू बघा. २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लिलावात १९९५ ची एक एफ१ २ कोटी ४ लाख डॉलरच्या वर गेली. ती पंचवीस वर्षांत ४०० किलोमीटरही चाललेली नव्हती. म्हणजे नागपूरहून अकोल्याला जाऊन परत यायचं म्हटलं तरी तेवढ्यात व्हायचं नाही. तिचा भाव तिच्या न चालण्याचा आहे, मग तो नवा मालक ती चालवेल कसा? प्रत्येक किलोमीटरला तो स्वतःच्याच खिशात हात घालतो. असा माणूस गाडीचा मालक राहत नाही, राखणदार होतो. आणि राखणदारीत कुणाचं मन किती वर्षं रमणार?

आता आपल्या गावात या. रामदासपेठेतले एक साहेब आहेत, त्यांची जर्मन स्पोर्ट्‌स कार. फोन आला की गाडी उघडतच नाही. गेलो. बॅटरी पार बसलेली, रिमोट मेलेला. किल्लीतलं छोटं पातं काढून दार उघडलं. पण या गाडीत इंजिन मागे आणि बॅटरी पुढच्या डिकीत, आणि त्या डिकीचं लॉक विजेवर चालतं. म्हणजे बॅटरीपर्यंत पोचायला बॅटरीच लागते. त्यासाठी पायाजवळच्या फ्यूज बॉक्समध्ये एक टर्मिनल बाहेर ओढायची सोय दिलेली असते, तिथं बाहेरच्या बॅटरीचा प्लस जोडायचा, मायनस दाराच्या लोखंडाला धरायचा, मग खट्‌कन डिकी उघडते. उघडली. चार्जर लावला. खाली वाकून बघितलं तर टायर जिथं टेकले होते तिथं चपटे झालेले, ब्रेक डिस्कवर गंजाचा तांबूस थर, कव्हरच्या आत धुळीची पुटं.

मी म्हटलं, "साहेब, चालवत जा नं गाडी. उभी ठेवून मारताय तिला."

ते म्हणाले, "चालवू कुठं भाऊ? तुम्हीच सांगा नं."

माझ्याकडे सरळ उत्तर नव्हतं. त्यांच्या समोरचा सिमेंट रोड झाला तेव्हा रस्ता वर आला आणि फाटक खाली राहिलं. पोर्चमधून बाहेर पडतानाच पुढचा बंपर घासतो. बाहेर पडले की स्पीड ब्रेकर. इंडियन रोड काँग्रेसच्या मापानं गोल स्पीड ब्रेकर १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा. तसा असेल तर खाली असलेली गाडीही तिरपी करून हळूच निघते. पण गल्लोगल्ली लोकांनी रातोरात डांबराचे जे उंचवटे घातले आहेत त्यांना ना उतार ना रुंदी. या गाड्यांचं पोट जमिनीपासून १२-१३ सेंटीमीटरवर. नाक वर उचलायचं बटन असतं, पण ते दर पन्नास मीटरला दाबायचं? त्यात सिग्नलला थांबलं की आजूबाजूचे मोबाइल काढतात, पोरं बाइक चिकटवून चालतात, कुणी काचेवर टकटक करतं, "एकदा आवाज काढा नं भाऊ." आधी बरं वाटतं. मग साहेब पहाटेच गाडी काढू लागले, मग फक्त रविवारी, मग सणासुदीला. मे महिन्यात ४५ अंशांत तर बाहेर काढायचीच नाही. त्यांनी गेल्या वर्षी ती विकली, आणि दुरुस्तीच्या बिलावरून त्यांनी माझ्याशी कधी एका शब्दानं घासाघीस केली नव्हती.

फरक एवढाच की तिकडे किंमत चढते म्हणून गाडी उभी राहते आणि इकडे उतरते म्हणून. बाहेर बांधून आणलेल्या महागड्या गाडीवर आपल्याकडे वर्षानुवर्षं शंभर टक्के किंवा त्याहून जास्त आयात शुल्क लागत आलं आहे. ते पैसे विकताना परत मिळत नाहीत. विम्याच्या कागदावर गाडीची किंमत सहा महिन्यांतच ५ टक्के उतरते, वर्षाला १५, दोन वर्षांना २०, पाच वर्षांना निम्मी. त्यामुळे इथला मालक दरवर्षी पॉलिसी हातात आली की तो आकडा बघतो आणि म्हणतो, आणखी खाली जायच्या आत काढून टाकू. दोघंही गाडीकडे बघत नाहीत, आकड्याकडे बघतात.

काही लोक घेतानाच विकायला घेतात, तो प्रकार वेगळा. २०१७ मध्ये अमेरिकन कुस्तीपटू जॉन सीनानं फोर्ड जीटी घेतली आणि थोड्याच आठवड्यांत विकून टाकली. करारात दोन वर्षं विकायची नाही असं होतं, फोर्ड कोर्टात गेली, २०१८ मध्ये तडजोड झाली. कंपन्या अशी अट घालतात कारण पहिल्या दिवशीच भाव वर जातो. काही कंपन्या पुढची मर्यादित संख्येतली गाडी जुन्या गिऱ्हाइकालाच देतात, म्हणून पुढचीला जागा करायला आधीची जाते. यात गाडीवर प्रेम शोधू नये.

माझ्यासारख्या मेकॅनिकला जास्त पटतं ते दुसरं कारण. या गाड्या जितक्या पुढच्या, तितक्या परावलंबी. एफ१ ची सर्व्हिस करायला मॅक्लारेनला नव्वदच्या दशकातला एक कॉम्पॅक लॅपटॉप कितीतरी वर्षं जपून ठेवावा लागला, कारण गाडीशी बोलणारं कार्ड त्यातच बसायचं. मर्सिडीज-एएमजी वनमध्ये फॉर्म्युला वनच्या गाडीवरून घेतलेलं १.६ लिटरचं इंजिन आहे. ते ५० हजार किलोमीटरला खोलून नव्यानं बांधावं लागतं. आपल्याकडची टॅक्सी तेवढं वर्षात चालते. अशा गाडीचा मालक गावच्या कुठल्याच मिस्त्रीकडे जाऊ शकत नाही. गाडी ट्रकवर चढवून कंपनीकडे पाठवा नाहीतर त्यांचा माणूस विमानानं बोलवा. पैसा हा प्रश्नच नाही. पण आपल्या वस्तूला आपण किंवा आपल्या ओळखीचा माणूस हात लावू शकत नाही, हे माणसाला हळूहळू तिच्यापासून तोडतं. गाडीशी नातं जुळतं ते बोनेट उघडून, हात काळे करून, ड्राइव्हला जाऊन. अमेरिकेतला टीव्हीवरचा जे लेनो बघा. त्याच्याकडे एफ१ आहे, कितीतरी वर्षांपासून आहे, आणि विकलेली नाही. तो ती रस्त्यावर चालवतो आणि स्वतःच्या गॅरेजमध्ये रमतो. अ‍ॅटकिन्सनचीही विकली गेली ती चालून, ठोकून, दुरुस्त होऊन, आणि तरी घेतल्यापेक्षा कैक पटींनी जास्त भावाला गेली. चालवल्यानं वाटोळं होतं ही भीती तिथंच खोटी ठरते.

मग कुणी म्हणेल, समृद्धी महामार्गावर न्या. हे मी हात जोडून सांगतो, नका. ७०१ किलोमीटरचा सरळ रस्ता आहे, नागपुरातून निघतो, मोह होणारच. पण तिथली मर्यादा १२० आहे आणि ती कागदाची शोभा नाही. उन्हात तापलेलं काँक्रीट, डोळ्यांवर येणारी एकसुरी झापड, आणि वर्षभर उभे राहून कडक झालेले टायर. मी त्या रस्त्यावरून टोचन करून आणलेल्या गाड्या पाहिल्या आहेत. ताशी ८० नं, वळणाच्या रस्त्यावर, गिअर स्वतः बदलत चालवली तरी चांगली गाडी भरभरून देते. रामटेककडे जा, पेंचच्या अंगानं जा, सकाळी जा. पाच-पन्नास किलोमीटर पुरे, पण दर आठवड्याला. नुसती जागेवर स्टार्ट करून पाच मिनिटं फडफडवू नका, त्यानं सायलेन्सरमध्ये पाणी साठतं आणि ऑइल गरमच होत नाही. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल आहे, ते हवेतला ओलावा ओढतं, म्हणून महिनोन्‌महिने अर्धी टाकी ठेवणंही वाईट.

आणि जे अशा गाड्या दुसऱ्या हाताच्या घ्यायला निघाले आहेत त्यांच्यासाठी. "फक्त चार हजार किलोमीटर चालली" हे ऐकून खूश होऊ नका. नोव्हेंबर २०१३ मध्ये हॉलिवूडचा नट पॉल वॉकर ज्या पोर्शे कॅरेरा जीटीत मरण पावला, त्या अपघाताच्या तपासात कारण अति वेग हेच निघालं, पण टायर नऊ वर्षांचे होते आणि त्यानं गाडीची पकड कमी झाली असू शकते असंही नोंदवलेलं आहे. कमी चाललेल्या गाडीचे टायर झिजत नाहीत, म्हणून कुणी बदलत नाही. म्हणून मीटर बघायच्या आधी खाली बसा आणि टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ असेल तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. सहा वर्षांच्या वर गेलेला टायर, खाचा कितीही खोल असोत, मी अशा गाडीत ठेवू देत नाही. चारही टायरची किंमत सरळ भावातून कापा. विकणारा "नवेच तर आहेत" म्हणाला तर त्या आकड्यांचा फोटो काढून मला पाठवा, मी वाचून सांगतो.