ऐनू संपलेले नाहीत

शाळेच्या प्रकल्पासाठी भाचीला ‘जगातले पोशाख’ हा विषय मिळाला आणि ताईने घरच्या ग्रुपवर फिरणारा एक फॉरवर्ड तिला जसाच्या तसा उतरवून दिला. त्यात म्हटलंय, जपानमधली ऐनू ही मूळची युरोपीय, गोरी जमात आता नामशेष झाली. झाडाच्या सालीचे कपडे त्यांनी आधुनिक होताना आपणहून सोडले. एका अंगरख्यासाठी अख्खं झाड तोडलं जाई. आणि आज दिसतात ते कपडे म्हणजे पर्यटकांसाठीचं सोंग. पोरीच्या वहीत हे जाऊ द्यायचं नाही, म्हणून लिहितेय.

युरोपीय वंशाची कथा एकोणिसाव्या शतकातल्या पाश्चात्त्यांनी दाढ्या आणि चेहरे बघून पसरवली. ऐनूंचं मूळ प्रामुख्याने जपानी बेटांवरच्या प्राचीन जोमोन लोकांत आहे, हे जनुकीय अभ्यासांतून स्पष्ट झालंय.

झाडही तोडत नाहीत. उन्हाळा लागताना ओह्यो या एल्मच्या जातीच्या झाडाची साल खोडाच्या एका बाजूनेच, खालून वर ओढत काढतात. बाकीची राखतात, झाड जगावं म्हणून. आतली साल भिजवून तिचे पापुद्रे सोडवायचे, बारीक चिरायचे, गाठी मारत लांब धागा करायचा आणि कमरेला बांधलेल्या मागावर विणायचा. हेच ते सालीचं कापड, अत्तुश.

‘आपणहून सोडले’ वाचून मात्र डोकं फिरलं. १८७१ मध्ये सरकारने ऐनू बायकांच्या गोंदणावर आणि पुरुषांच्या कानातल्या बाळ्यांवर बंदी घातली. १८९९ च्या कायद्याने त्यांना शेतीला लावलं, मुलांना जपानी शिक्षणात ढकललं. तो कायदा १९९७ पर्यंत टिकला. शिकार, मासेमारी, भाषा सगळ्यांवर गदा आणायची आणि वर म्हणायचं, यांनीच सोडलं?

पोटासाठी पर्यटकांपुढे नाचायची वेळ अनेकांवर आली, हे खरं. रोज कोणी अत्तुश घालत नाही आणि भाषा मरणपंथाला लागलीय, हेही नाइलाजाने मान्य. पण होक्काइदो या जपानच्या उत्तरेकडच्या बेटावरल्या निबुतानी गावच्या अत्तुशला २०१३ मध्ये जपान सरकारने राष्ट्रीय पारंपरिक हस्तकलेचा दर्जा दिला. त्यासाठी काम मुख्यतः हाताचं, तंत्र जुनं आणि त्याच परिसरात पुरेसे कारागीर लागतात. सोंगाला हा दर्जा मिळत नाही.

याच निबुतानीचे ऐनू कार्यकर्ते कायानो शिगेरू यांनी गावातल्या धरणाविरुद्धच्या खटल्यात सरकारला कोर्टात खेचलं. १९९७ मध्ये साप्पोरोच्या न्यायालयाने ऐनूंना मूलनिवासी मानलं आणि धरणासाठी केलेलं जमिनीचं संपादन बेकायदा ठरवलं. धरण तोवर बांधून झालं होतं, ते तसंच राहिलं.