तर्रीला बदनाम करणं सोपं आहे

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांनी फॉरवर्ड टाकला. तिखट खाणाऱ्यांना पोटाचा कॅन्सर होतो, मिसळ-वडापाव आजच सोडा. खाली हात जोडलेल्यांची रांग. आणि मग एकीनं लिहिलं, ‘तुझ्या मामांचं तेच झालं ना गं? बाहेरचं फार खायचे.’

घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये रिक्षात बसून हे वाचलं. तिथे उत्तर दिलं असतं तर उद्या लिफ्टमध्ये बघायची सोय राहिली नसती, म्हणून इथे लिहितेय.

मामा खारीगावात राहायचा. मिसळ खायचा, वर तर्री मागून खायचा. पण झालं काय, ते मी बघितलंय. कितीतरी महिने जेवलं की जळजळ, चार घासांत पोट भरायचं. ‘ॲसिडिटी आहे.’ मेडिकलवाला न विचारता गोळ्यांची पट्टी पुढे सरकवायचा. फ्रिजच्या दारात गुलाबी औषधाची बाटली, झाकणाभोवती साका धरलेली. वजन उतरलं, मामीनं पट्ट्याला नवीन भोक पाडून दिलं, आणि लग्नात लोक विचारतायत, ‘काय डाएट करतोस रे?’ कौतुक चाललं होतं त्याचं!

तिखटानं होत असतं तर कोल्हापूर कधीच ओस पडलं असतं. हा आजार जपानमध्ये, मंगोलियात भरपूर आहे. तिथे कोण तर्री ओततंय? आणि हवाईला जाऊन स्थायिक झालेल्या जपान्यांच्या पुढच्या पिढ्यांमध्ये तो कमी होत गेला. रक्त तेच, ताट बदललं.

अल्सरचंही असंच. वर्षानुवर्षं डॉक्टरच सांगायचे, टेन्शन घेऊ नका, तिखट खाऊ नका. शेवटी ऑस्ट्रेलियातल्या वॉरन आणि मार्शल यांनी पोटातला जंतू दाखवला, हेलिकोबॅक्टर पायलोरी. कोणी मानेना, तर मार्शलनं 1984 मध्ये तो जंतू स्वतःच पिऊन आजार ओढवून घेतला! 1994 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं त्याला कॅन्सरकारक ठरवलं, 2005 मध्ये दोघांना नोबेल. आमचा ग्रुप अजून तर्रीवरच.

बरं, जंतू भारतात घरोघरी आहे आणि त्यातल्या फार थोड्यांना कॅन्सर होतो, हेही खरं. खारवलेलं, धुरावलेलं रोज खाणं वाईट, तेही खरं. सुकटीवर जीव असलेली मी हे मुकाट्यानं लिहितेय. परळला टाटाच्या आवारात शेजारी ऐझॉलचा एक मुलगा वडिलांना घेऊन बसला होता. देशात हा आजार सगळ्यात जास्त त्यांच्या मिझोराममध्ये. धुरावर सुकवलेलं मांस, आणि तंबाखूचा धूर मुरवलेलं पाणी तोंडात धरायची सवय. काश्मीरमध्येही प्रमाण जास्त, तिथे मिठाचा चहा आणि सुकवलेल्या भाज्या. आपल्याकडे त्या मानानं कमीच.

मामा तंबाखू मळायचा. मान्य. तंबाखूनंही पोटाचा कॅन्सर होतो. ग्रुपवर मात्र त्याबद्दल अक्षर नाही, कारण निम्म्यांच्या खिशात पुडी आहे.

राग येतो तो याचा, की माणूस आजारी पडला की आपण आधी त्याचं ताट तपासतो. मामी परवा भाजी निवडता निवडता विचारत होती, ‘मी मसाला कमी घालायला हवा होता का गं?’ काय सांगणार तिला? तिला हे कोणीतरी बोललंय, आणि एकानं नाही, बऱ्याच जणांनी. भल्या मनानं बोलले असतील. असतील.

कोरियात चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी सरकारच पोटाची तपासणी करतं. आपल्याकडे सगळ्यांची करणं परवडणार नाही, गरजही नाही, ठीक. पण ज्याची जळजळ हटत नाही, वजन आपोआप उतरतंय, शौचाला काळं होतंय, हिमोग्लोबिन घसरतंय, गिळताना अडकतंय, त्याला तरी दुर्बीण घालून बघा ना! गोळीनं जळजळ थांबते, आत काय चाललंय ते झाकलं जातं. मामाला तेवढी एक एंडोस्कोपी कोणी वेळेवर लिहून दिली नाही, आणि ती अर्ध्या तासाचंही काम नसतं. पोटाच्या डॉक्टरकडे जा, मेडिकलच्या काउंटरवर नको. घरात कोणाला हा कॅन्सर झाला असेल तर ते आधी सांगा. मी स्वतः जंतूची टेस्ट करायची का, ते विचारायला शनिवारची वेळ घेतलीय.

आणि कमेंटमध्ये ओवा, लिंबू, कोमट पाणी लिहू नका. डिलीट करीन.