‘फायनल डेस्टिनेशन’ सत्यघटनेवर नाहीये, प्लीज फॉरवर्ड थांबवा

परत तोच मेसेज आला. २०२५ ला त्याच मालिकेतला ‘ब्लडलाइन्स’ थेटरात लागला तेव्हापासून कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर तो फिरतोच आहे, काल तर आमच्या फॅमिली ग्रुपवर काकांनी टाकला, त्यामुळे आता लिहावंच लागणार. मेसेज थोडक्यात असा: २००० सालचा ‘फायनल डेस्टिनेशन’ हा हॉलिवूडचा भयपट १००% खरा आहे, १९९६ ला न्यूयॉर्कहून पॅरिसला निघालेल्या विमानात एका शाळकरी पोराला आधीच सगळं दिसलं, तो ओरडत खाली उतरला, सोबत अजून काहीजण उतरले, विमान फुटलं आणि मग वाचलेले सगळे एकामागून एक क्रमाने मेले, नावं बदलून सिनेमा केला. खाली कोणीतरी देशी फोडणी पण दिलीय, काळ आला होता पण वेळ आली नव्हती.

आधी यातलं खरं काय ते सांगतो. १७ जुलै १९९६ ला टीडब्ल्यूए ८०० नावाचं बोइंग ७४७ न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावरून निघालं आणि समुद्रावर फुटलं, २३० माणसं होती, सगळी गेली. त्यात पेन्सिल्व्हेनियातल्या माँटूर्सव्हिल नावाच्या छोट्या गावातल्या शाळेच्या फ्रेंच क्लबची १६ पोरं होती आणि त्यांच्यासोबतची ५ मोठी माणसं. सिनेमातली पोरंसुद्धा शाळेच्या ट्रिपने पॅरिसलाच निघालेली असतात आणि विमानतळही तोच. म्हणजे सारखेपणा आहे, तो मी नाकारत नाही. (बाय द वे खऱ्या विमानाचं शेवटचं ठिकाण पॅरिस नव्हतंच, ते पॅरिसमार्गे रोमला चाललं होतं.)

पण स्वप्न पडून उतरलेला पोरगा? असा कोणी नव्हता हो. उलट घडलं ते ऐका. विमान सातला निघायचं होतं, तासभर लेट झालं, एक तर विमानतळावरचं एक मशीन बंद पडून वाटेत आडवं आलेलं आणि दुसरं म्हणजे एका प्रवाशाचं सामान चढलंय पण तो स्वतः चढलाय का अशी शंका आली. शोधाशोध झाली आणि तो आतच बसलेला निघाला. म्हणजे ज्याच्याबद्दल ‘हा चढलाच नाही वाटतं’ असं वाटलं तोसुद्धा आतच होता. मला विचाराल तर सिनेमापेक्षा हे वाचून जास्त कसंतरी होतं. आणि सिनेमात पोरं काचेतून विमान फुटताना बघतात ना, खरं विमान ८:१९ ला उडालं आणि ८:३१ ला फुटलं, तोपर्यंत ते लाँग आयलंडच्या किनाऱ्यापलीकडे कितीतरी लांब गेलं होतं, टर्मिनलच्या काचेतून कोणाला काय दिसणार.

मग ‘वाचलेले क्रमाने मेले’ हा मुद्दा आपोआप गेला, वाचलंच नव्हतं कोणी.

मेसेजमध्ये ‘कारण आजही गूढ’ असंही आहे. गूढ वगैरे काही नाही. विमान अपघातांचा तपास करणाऱ्या अमेरिकेच्या एनटीएसबी या सरकारी संस्थेने चार वर्षं तपास करून ऑगस्ट २००० मध्ये सांगितलं, की मधल्या इंधनाच्या टाकीत साठलेल्या वाफेने पेट घेतला आणि ठिणगी बहुतेक शॉर्टसर्किटमुळे, टाकीत इंधन किती आहे ते मोजणाऱ्या वायरिंगमधून आत गेली. त्या टाकीखालीच एसीची यंत्रणा होती, उन्हाळ्यातल्या त्या लेट झालेल्या तासाभरात ती चालू, आणि वरची जवळपास रिकामी टाकी तापत गेली. बघा, सिनेमातल्यासारखीच साखळी, हे तापलं म्हणून ते झालं, फक्त ती मृत्यूने नाही रचलेली, डिझाइनमधलीच चूक होती. २००८ ला नियम आला की अशा टाक्यांत वाफ पेटणार नाही याची सोय करा, आता नायट्रोजन सोडतात त्यात. सिनेमा मात्र मार्च २००० मध्येच रिलीज झाला होता, रिपोर्टच्या आधी.

‘नावं बदलली’ म्हणणाऱ्यांनी सिनेमातल्या पात्रांची नावं नीट वाचली नाहीयेत. अ‍ॅलेक्स ब्राउनिंग, बिली हिचकॉक, टेरी चेनी, व्हॅलरी ल्यूटन, एफबीआयवाला श्रेक. सगळी जुन्या भयपटवाल्यांची आडनावं, टॉड ब्राउनिंग, लॉन चेनी, व्हॅल ल्यूटन, मॅक्स श्रेक, आणि हिचकॉक तर सांगायलाच नको. आणि शेवट? आधी शूट केलेल्या शेवटात हिरो अ‍ॅलेक्स मरतो आणि त्याच्या क्लिअर नावाच्या मैत्रिणीला बाळ होतं, टेस्ट स्क्रीनिंगच्या पब्लिकला ते आवडलं नाही म्हणून पॅरिसचा शेवट परत शूट केला. सत्यघटनेचा शेवट पब्लिकला विचारून ठरतो का कधी?

आणि ती म्हण इथे बसतच नाही. आपल्या म्हणीत माणूस वाचला की विषय संपला, घरी येऊन चहा पितो. सिनेमात उलटं, वेळ आली होती आणि चुकली, म्हणून मृत्यू यादी घेऊन परत येतो, रेडा नाही की फास नाही, बाथरूममधलं सांडलेलं पाणी आणि कपडे वाळत घालायची तार एवढ्यावर सिनेमातल्या टॉड नावाच्या पोराचं काम तमाम.

आता मूळ कल्पना कुठून आली ते. सिनेमाचा लेखक जेफ्री रेडिक याने ही गोष्ट आधी ‘एक्स-फाइल्स’ या टीव्ही मालिकेच्या एपिसोडसाठी लिहिली होती. त्याने एक बातमी वाचलेली, सुट्टीवर गेलेल्या एका बाईला आईचा फोन येतो की उद्याच्या विमानाने येऊ नकोस, मला काहीतरी वाईट वाटतंय, ती तिकीट बदलते आणि ते विमान पडतं. बस एवढंच. त्या बाईमागे पुढे कोणी यादी घेऊन लागलं वगैरे रेडिकच्या डोक्यातलं.

आईचा फोन म्हणाल तर आमच्याकडे प्रत्येक प्रवासाआधी येतो. पाल चुकचुकली, डोळा फडफडतोय, आज नको उद्या जा. आत्तापर्यंत तीनदा ऐकून कोकणातली रात्रीची गाडी सोडली, तिन्ही गाड्या सुखरूप पोचल्या, एक तर वेळेच्या आधी.