‘नागपूर हिरवेच आहे, मग आणखी बगीचे कशाला?’ : एका संदेशाचा प्रतिवाद

नागपुरातील गृहसंकुलांच्या आणि सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या गटांमध्ये सध्या एक संदेश सारखा पुढे पाठवला जात आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: नागपूर हे देशातील दुसऱ्या क्रमांकाचे हिरवे शहर आहे, जागतिक आरोग्य संघटना माणशी ९ चौरस मीटर हिरवळ पुरेशी मानते आणि आपण त्याच्या कितीतरी पुढे आहोत, एक झाड तोडले तर पाच लावली जातात, बगीच्यांत गट्टू (फरसबंदीचे सिमेंटचे ठोकळे), कारंजी आणि व्यायामाची साधने बसवून सुधारणा झालेली आहे, तेव्हा उन्हाळ्यात ओस पडणाऱ्या बगीच्यांवर पिण्याचे पाणी आणि पैसा घालवण्याऐवजी तो रस्त्यांसाठी वापरावा. ज्यांनी हा संदेश पुढे पाठवला त्यांच्यात माझे काही स्नेही आहेत आणि त्यांना शहराविषयी आपुलकी नाही असे मी म्हणणार नाही. परंतु शहराच्या खर्चाचा क्रम ठरवण्यासाठी ही विधाने वापरली जात असतील, तर ती एकेक करून तपासली पाहिजेत.

पहिले विधान क्रमांकाचे. हा दुसरा क्रमांक कोणी दिला, कोणत्या वर्षी दिला, पहिला कोणाचा आला आणि मोजले नेमके काय, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर संदेशात नाही. देशातील वनाच्छादनाची नियमित मोजणी डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था करते. तिच्या २०२१ च्या अहवालात शहरांचा स्वतंत्र विचार झाला, तो अहमदाबाद, बेंगळुरू, चेन्नई, दिल्ली, हैदराबाद, कोलकाता आणि मुंबई या सात महानगरांपुरता होता. नागपूर त्या यादीतच नव्हते. शिवाय या संस्थेच्या व्याख्येनुसार एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीवर वृक्षांची छाया किमान १० टक्के असेल, तर ती जमीन वनाच्छादनात धरली जाते, मग ती कोणाच्याही मालकीची असो. उपग्रहाला कुंपण दिसत नाही. सिव्हिल लाइन्समधील बंगल्यांची आवारे, राजभवन, वायुसेनानगर, व्हीएनआयटी हे अभियांत्रिकी महाविद्यालय आणि नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था यांचे परिसर, अजनीची रेल्वे वसाहत, या सगळ्यांनी नागपूर हिरवे दिसते आणि शहराच्या हवेला त्याचा लाभही होतो. पण इतवारीसारख्या दाट वस्तीतल्या मुलाला संध्याकाळी खेळायला त्यांतले एकही फाटक उघडत नाही.

दुसरे विधान माणशी चौरस मीटरचे आहे आणि सर्वांत जास्त फसवणूक तेच करते, म्हणून त्यावर थोडे थांबतो. गोरेवाड्याच्या प्राणी उद्यानाच्या प्रकल्पाखालील क्षेत्र सुमारे १९१४ हेक्टर आहे. २०११ च्या जनगणनेनुसार नागपूर शहराची लोकसंख्या २४ लाख ५ हजार होती. भागाकार केला की एकट्या गोरेवाड्यामुळे प्रत्येक नागपूरकराच्या वाट्याला जवळजवळ ८ चौरस मीटर हिरवळ येते. अंबाझरीचे जैवविविधता उद्यान साडेसातशे हेक्टरांच्या आसपास आहे. ते मिळवले की आणखी ३ चौरस मीटर. म्हणजे शहरातला एकही बगीचा न मोजता निकष ओलांडून झाला! ही दोन्ही ठिकाणे शहराच्या पश्चिम आणि वायव्य कडेला आहेत आणि दोन्हीकडे तिकीट काढून जावे लागते. वनक्षेत्र म्हणून ती जपलीच पाहिजेत, त्यांच्याविषयी तक्रार काहीच नाही. मात्र शहराच्या पूर्व टोकाला पारडीत राहणाऱ्या आजीबाईंच्या नावावर हे ११ चौरस मीटर जमा करायचे आणि त्यांच्या वस्तीतल्या मोकळ्या भूखंडाची मागणी त्या आधारे फेटाळायची, हा हिशेब कागदावरच खरा ठरतो.

केंद्रीय नगरविकास मंत्रालयाच्या २०१४ च्या नगरनियोजन मार्गदर्शिकेतही माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळ्या जागेचा उल्लेख आहे, तेव्हा असा आकडा सर्वस्वी निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. पण ज्या जागतिक आरोग्य संघटनेचा हवाला संदेश देतो, तिच्याच युरोप विभागाने २०१७ च्या आपल्या मार्गदर्शक पुस्तिकेत वेगळा दंडक सांगितला आहे: घरापासून सरळ रेषेत ३०० मीटरच्या आत, म्हणजे साधारण पाच मिनिटांच्या चालीवर, अर्धा ते एक हेक्टरची सार्वजनिक हिरवी जागा असावी. यात माणशी वाटणी नाही, अंतर आहे. लहान मूल किती अंतर एकटे जाऊ शकते, गुडघे दुखणारा माणूस किती चालू शकतो, या प्रश्नांतून ते आलेले आहे.

हे अंतर नागपूरला लावून पाहावे. ३०० मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ ०.२८ चौरस किलोमीटर भरते. शहराचे क्षेत्र २१७ चौरस किलोमीटरच्या जवळपास आहे. वर्तुळे एकमेकांवर येत नाहीत असे धरले तरी सगळे शहर झाकायला पावणेआठशेच्या घरात जागा लागतील. काही भाग वस्तीचा नाही म्हणून सोडला तरी आकडा शेकड्यांतच राहतो. तेलंगखेडी, अंबाझरी, महाराजबाग, गांधीबाग यांसारखी मोजकी नावाजलेली उद्याने कितीही सजवली तरी ही गरज भागणार नाही. ती भागेल ले-आउटमधल्या, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या वस्त्यांमधल्या, मोकळ्या जागांनी. या शहरात ‘५७२ ले-आउट’ आणि ‘१९०० ले-आउट’ हे अनधिकृत ले-आउटच्या गटांसाठीचे शब्द प्लॉटधारकांच्या तोंडी असतात. ले-आउट आधी पडले, ते नियमित करण्याचा गुंठेवारीचा कायदा २००१ मध्ये आला, आणि मधल्या काळात नकाशावर हिरव्या रंगाने दाखवलेली जागा कुठे विटांच्या ढिगाखाली गेली, कुठे सभामंडपाखाली, तर कुठे तिथे काय होते हे कोणाला आठवेनासे झाले. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार ४००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीवर १० टक्के जागा मनोरंजनासाठी मोकळी सोडावी लागते. तो नियम पुढच्या ले-आउटना उपयोगी पडेल. जुन्यांसाठी मात्र प्रत्येक मोकळी जागा नकाशावर घेऊन, तिच्याभोवती ३०० मीटरचे वर्तुळ काढून, कोणत्या वस्त्या उघड्या राहतात ते पाहणे, हे नियोजनाचे पहिले काम आहे. सुधारणेचा पैसा आधी तिथे गेला पाहिजे. आज तो, माझ्या पाहण्यात, जिथे आधीच चांगला बगीचा आहे आणि मागणी करणारे आवाज मोठे आहेत, तिथेच दुसऱ्यांदा जातो.

तिसरे, एका झाडामागे पाच. कायदा असे म्हणतच नाही. महाराष्ट्राच्या नागरी क्षेत्रातील झाडांच्या संरक्षणाचा कायदा १९७५ चा आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीनुसार तोडलेल्या झाडाचे जितके वय, तितकी झाडे लावायची आहेत. ५० वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा आहे. आता हिशेब सावलीचा करू. बारा मीटर पसाऱ्याच्या झाडाची छाया सुमारे ११३ चौरस मीटर जमिनीवर पडते. एक मीटर पसाऱ्याच्या रोपट्याची छाया पाऊण चौरस मीटरच्या थोडी वर. पाच रोपांची मिळून चार चौरस मीटर झाली. ते झाड चाळीस वर्षांचे होते असे मानून कायद्याप्रमाणे चाळीस रोपे लावली, तरी एकतीस चौरस मीटर होतात, तीही सगळी जगली तर आणि त्याच रस्त्यावर लावली गेली तर. अजनीच्या रेल्वे वसाहतीतील झाडे स्थानकाच्या प्रकल्पासाठी तोडण्याचा प्रस्ताव आला तेव्हा शहरातील अनेक नागरिक ‘अजनी वन’ म्हणून त्या झाडांच्या बाजूने उभे राहिले, ते याच हिशेबाने. २०११ च्या वृक्षगणनेत शहरात सुमारे २१ लाख झाडे मोजली गेली होती, हे खरे. परंतु त्यात कालचे रोप एक आणि शंभर वर्षांचा वड एकच.

चौथ्या विधानाशी माझे भांडण सर्वांत जुने आहे. गट्टू, कारंजी, रंगीत दिवे आणि लोखंडी व्यायामसाधने यांना सुधारणा म्हणण्याची सवय आपल्याला लागली आहे, कारण या वस्तू उद्घाटनाच्या दिवशी पूर्ण झालेल्या दिसतात. कडुनिंबाला त्यासाठी दहा वर्षे लागतात. २३ मे २०१३ रोजी नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा शहरात बगीच्याने करायचे पहिले काम सावली देणे हे आहे. उन्हात तापलेला गट्टू रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो. लोखंडी साधनांना एप्रिलमध्ये दुपारी हात लावून पाहावा. झाड काय करते हे नागपूरकराला समजावून सांगायची गरज पडू नये, कारण दर मार्चमध्ये आपण कूलरला नवी खस लावतो. ओल्या खसेतून कोरडी हवा जाते, पाणी उडते आणि हवा थंड होते. मोठे झाड पानांतून पाणी सोडून तेच करते, शिवाय ऊन अडवते. आपला उन्हाळा कोरडा असल्यामुळे हा परिणाम इथे मुंबईपेक्षा चांगला मिळतो.

गट्टूंचा दुसरा दोष मुळांशी आहे. बुंध्यापर्यंत सिमेंट भिडवल्यावर आळे उरत नाही, पाणी आणि हवा मुळांपर्यंत पोचत नाही, आणि पहिल्या वादळात झाड आडवे होते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये दिल्लीतील यंत्रणांना झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. आपल्या सिमेंट रस्त्यांच्या कडेने चालताना तो सतत आठवतो. पावसाचेही तेच. सप्टेंबर २०२३ मध्ये एका रात्रीत, अवघ्या काही तासांत, १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरले. त्या पुराला बगीच्यांतले गट्टू कारणीभूत होते असे कोणी शहाणा म्हणणार नाही. पण नदी आणि नाल्यांच्या काठी उरलेल्या जागा मऊ, खोलगट आणि झाडांच्या ठेवल्या, तर त्या वर्षभर बगीचा म्हणून आणि पावसात काही काळ पाणी धरून ठेवायला उपयोगी पडतात, तर त्यांवर फरसबंदी केली की ते पाणी तसेच पुढच्या वस्तीकडे जाते. सुधारणेच्या अंदाजपत्रकात म्हणून आधी हे लिहिलेले असावे: वड, पिंपळ, करंज, चिंच, अर्जुन, बहावा यांसारखी इथल्या मातीत रुजलेली झाडे किती, त्यांच्या पहिल्या तीन उन्हाळ्यांच्या पाण्याची जबाबदारी कोणाची, बसायला पार कुठे, पिण्याचे पाणी आणि महिलांसाठी चालू अवस्थेतले स्वच्छतागृह कुठे. कारंजे नंतर. (बंद पडलेल्या कारंज्याच्या हौदात डास होतात, हेही त्या अंदाजपत्रकात लिहिले तर बरे.)

पाण्याच्या आक्षेपाला उत्तर सोपे आहे. पेंच धरणातून येणारे, शुद्ध केलेले पिण्याचे पाणी लॉनवर ओतू नये, याबाबत मी संदेशाशी सहमत आहे. पण भांडेवाडीत शुद्ध केलेले सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जाते. ज्या शहराला ते जमले, त्याला आपल्या बगीच्यांसाठी तेच पाणी वापरणे अशक्य नाही. आणि लॉनला पाणी कायमचे लागते, झाडाला मुळे धरेपर्यंतच.

राहिला शेवटचा मुद्दा, उन्हाळ्यात बगीचे ओस पडतात हा. सकाळी फिरायला जाणारे आणि संध्याकाळी मुलांना आणणारे हेच बगीच्याचे वापरकर्ते, असे धरले तर दुपार रिकामी वाटणारच. घरी कूलर असलेला माणूस नवतपात, म्हणजे उन्हाळ्यातल्या सर्वांत कडक नऊ दिवसांत, दुपारी दोन वाजता बाहेर पडत नाही. पण सायकलरिक्षावाले, हातठेलेवाले, घरोघरी डबे आणि पार्सल पोचवणारी मुले, बांधकामावरच्या बाया, यांना त्या वेळी बसायला जागा लागते. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेपासून बचावाचा कृती आराखडा केला आणि पुढे नागपूरनेही तसा आराखडा स्वीकारला. अशा आराखड्यांत दुपारच्या वेळी सावलीच्या सार्वजनिक जागा उघड्या ठेवणे हा अगदी बिनखर्चाचा उपाय असतो. आमच्या वस्तीतला बगीचा सकाळी नऊला कुलूपबंद होतो आणि संध्याकाळी पाचला उघडतो. मे महिन्यात कारण विचारायला मी संबंधित कार्यालयात गेलो, तेव्हा दुपारी कोणी येत नाही म्हणून बंद ठेवतो, असे मला सांगण्यात आले. परतताना दीड वाजला होता. आतल्या कडुनिंबाची एक मोठी फांदी भिंतीवरून रस्त्याकडे झुकलेली आहे. तिच्या सावलीत, भिंतीला टेकून, सात दुचाक्या उभ्या होत्या आणि त्यांवर मुले डोळे मिटून बसली होती.